दुरुस्तीची विद्या: किती उघडी, किती बंद

गाडी दुरुस्त करण्याची माहिती इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळी ठेवावी, की ज्यांचे पोट त्या कामावर चालते त्यांच्यापुरती राखावी, हा प्रश्न मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाल्यापासून गॅरेजांमध्ये रोजच्या बोलण्यात आला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तो जास्त टोकदार होतो. चिखलीचेच पाहा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेले हे गाव. टाटा मोटर्सचा कार बनवणारा कारखाना त्याला लागून. पलीकडे तळवडे आणि भोसरीच्या शेडमध्ये लेथवर, सीएनसीवर बुश, शाफ्ट आणि ब्रॅकेट निघतात. साने चौक, जाधववाडी, स्पाइन रोड, देहू-आळंदी रस्ता या बाजूंना गॅरेजे आहेत आणि कुदळवाडीत वर्षानुवर्षे कारखान्यांचे भंगार येत राहिले. गाडी बनवणारा, तिचा सुटा भाग बनवणारा, ती दुरुस्त करणारा आणि भंगार विकत घेणारा अशी चार माणसे इथे एकाच इमारतीत भाड्याने राहत असतात. त्यांच्याजवळचे ज्ञान मात्र एकमेकांपर्यंत पोचतेच असे नाही.

हा वाद सहसा दोन बाजूंचा म्हणून मांडला जातो. एकीकडे व्हिडिओ पाहून पाना हातात घेणारा गाडीमालक, दुसरीकडे आपला धंदा जपणारा मिस्त्री. गाडी बनवणारी कंपनी हा तिसरा पक्ष मोजल्याशिवाय आजची स्थिती नीट कळत नाही, असे माझे मत आहे. गेल्या वीस वर्षांत दुरुस्तीची कळीची माहिती मिस्त्रीच्या हातातून निघून कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये गेली. म्हणून ज्याला आपण या ज्ञानाचा राखणदार समजतो, तो गॅरेजवाला अनेकदा स्वतःच दाराबाहेर उभा असतो. पुढचा आढावा ही गोष्ट लक्षात ठेवून वाचावा.

स्कूटरचा काळ

आकुर्डीला बजाजने १९६१ पासून दहा वर्षे इटलीच्या पियाज्जिओच्या परवान्याखाली स्कूटर बनवल्या. १९७२ मध्ये चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मिळालेली गाडी पंधरा-वीस वर्षे वापरायची, अशी ती पद्धत. त्या काळात मालकाला निम्मा मिस्त्री व्हावेच लागे. गाडीसोबत पान्यांची थैली आणि माहितीपुस्तक मिळे. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे, पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचे ते सांभाळणे, स्टेपनी बदलणे, चालू होत नसेल तर गाडी तिरकी करून किक मारणे, हे बँकेतल्या कारकुनालाही येत असे आणि शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे फुकटच जाई. त्याबद्दल कुठल्या मिस्त्रीची तक्रार नव्हती.

त्याच्या पुढचे काम मात्र गॅरेजचे. ब्लॉकला बोअर मारणे, क्रँकचे बेअरिंग, टायमिंग, डिझेल गाडीचा पंप, ही कामे उस्तादाच्या हाताखाली उभे राहूनच शिकायची. पहिले वर्ष रॉकेलमध्ये पार्ट धुण्यात आणि ‘बारा-तेरा दे’ म्हटल्यावर बरोबर पाना हातात देण्यात जाई. इंजिन उघडायला मिळायचे ते दोन-तीन वर्षांनी. ब्रेकचे काम हात स्थिर झाल्याशिवाय मिळत नसे. या पद्धतीत शिस्त होती, आणि शोषणही होते. दहा वर्षे काम केलेल्या माणसाकडे आपल्याला काम येते हे सांगणारा एक कागदही नसे. सरकारने पूर्वीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय कौशल्य विकास योजनेत केली ती २०१५ नंतर.

लेखी वाटही त्याच सुमारास तयार होत होती. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा, आयटीआयमधला ‘मेकॅनिक मोटर व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड, आणि टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) यांसारख्या कारखान्यांतील प्रशिक्षण विभाग यांतून ड्रॉइंग वाचणारा, मायक्रोमीटर धरणारा कामगार घडला. भोसरीला केंद्रीय रस्ता परिवहन संस्था १९६७ पासून एसटीसारख्या परिवहन संस्थांच्या तंत्रज्ञांना आणि अधिकाऱ्यांना शिकवते आहे. पुण्यात १९६६ मध्ये सुरू झालेल्या एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेत गाड्यांच्या चाचण्या होतात. म्हणजे या पट्ट्यात वाहनविद्येची कमतरता कधीच नव्हती. ती संस्थेच्या फाटकाबाहेर किती आली, एवढाच प्रश्न होता.

शिरूर तालुक्यातल्या पाबळचा एक वेगळा प्रयोग इथे आठवतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, वीज, इंजिन अशी कामे प्रत्यक्ष करत शिकवायची, ही त्यांची रीत. जुन्या जीपचे भाग वापरून तिथे ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर बनला. धंद्यातले ज्ञान धंद्याबाहेरच्या मुलाला पद्धतशीर देता येते, आणि त्यासाठी उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षे घालवावी लागतातच असे नाही, याचा तो जवळचा पुरावा आहे. पण एक गोष्ट त्यातूनही दिसते. पाबळला मुले वर्कशॉपमध्ये उभी राहून शिकतात. फक्त पाहून शिकणे आणि हाताने करून शिकणे यांत अंतर आहे, हे मोकळ्या ज्ञानाच्या बाजूच्या लोकांनाही मान्य करावे लागते.

धंद्याची बाजू

गॅरेजवाल्यांचे म्हणणे बहुधा ‘यांना धंदा बुडायची भीती’ एवढ्यावर उडवून लावले जाते. त्यात बरेच काही आहे, म्हणून ते सविस्तर घेतो.

पहिला मुद्दा मजुरीचा. गिऱ्हाईक म्हणते, ‘दादा, व्हिडिओत तर दहा मिनिटांत झालं, तुम्ही सहाशे कसले घेता?’ काम दहा मिनिटांचे असते हे खरेच. पण गाडी झटके का मारते, दोष प्लगचा, कॉइलचा, पंपाचा की इंधन गाळणीचा, हे ओळखायला जे लागते त्याचे पैसे आपल्याकडे कुणी वेगळे देत नाही. बिलात पार्ट आणि मजुरी दोनच ओळी असतात. निदान फुकट धरले जाते. व्हिडिओ या फुकट धरलेल्या भागालाच हात घालतो आणि मिस्त्रीकडे फक्त पाना फिरवण्याचे पैसे उरतात. डॉक्टरची तपासणी-फी आपण औषधाच्या बिलापेक्षा वेगळी देतो. गॅरेजमध्ये तशी रीत पडली असती तर या वादातला निम्मा कडवटपणा कमी झाला असता, असे वाटते.

दुसरा मुद्दा अर्धवट माहितीचा. मोटरसायकलच्या इंजिनात बहुतेक वेळा क्लचही त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. तिथे जेएएसओ मानकातले एमए किंवा एमए२ दर्जाचे ऑइल लागते. कारसाठीच्या कित्येक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ते महागडे ऑइल ‘इंजिन मऊ चालते’ म्हणून दुचाकीत घातले की क्लच घसरू लागतो. सांगणारा खोटे बोलत नसतो, तो कारबद्दल बोलत असतो. ब्रेकचे तर याहून गंभीर. ऑइल बदलताना लाइनमध्ये हवा राहिली तर लिव्हर मऊ पडतो, आणि एबीएस असलेल्या काही गाड्यांमध्ये ती हवा पूर्ण काढायला स्कॅनर लावून पंप चालवावा लागतो. १२५ सीसीच्या वरच्या दुचाकींना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. जुन्या गाडीवर बरोबर असलेला सल्ला नव्या गाडीवर जीवघेणा ठरू शकतो, आणि व्हिडिओ कधीचा आहे हे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

तिसरा मुद्दा चोरीचा. कुलूप न मोडता हँडल लॉक कसे सुटते, किल्लीशिवाय गाडी कशी चालू होते, हे मिस्त्रीला माहीत असावे लागते, कारण किल्ली हरवलेली गिऱ्हाइके येतात. ती युक्ती सगळ्यांसाठी टाकणे म्हणजे कारखान्यांच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुचाकींची चोरी सोपी करणे. या मुद्द्यावर मोकळेपणाचे कट्टर समर्थकही गप्प होतात, आणि मला ते योग्य वाटते.

शेवटचा मुद्दा उघडपणे बोलला जात नाही. शिकवलेला पोऱ्या समोरच्याच गाळ्यात स्वतःचे गॅरेज टाकतो. ज्या धंद्यात पेन्शन नाही, प्रॉव्हिडंट फंड नाही, डोळे आणि गुडघे पन्नाशीत बोलायला लागतात, तिथे हातातली कला एवढेच भांडवल. ते फुकट वाटा, असे सांगणाऱ्याने त्याच्या म्हातारपणाचे काय, याचेही उत्तर द्यायला हवे.

मोकळे करा म्हणणाऱ्यांची बाजू

या बाजूला नुसते हौशी लोक नाहीत. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री बारा वाजता तळवड्याहून चिखलीला निघालेल्या कामगाराची गाडी बंद पडते तेव्हा सगळी गॅरेजे बंद असतात. फ्यूज कुठे असतो आणि तो कसा बदलायचा एवढे कळले तरी तो घरी पोचतो. दिवसाला शंभर किलोमीटर हिंडून डबे आणि पार्सले पोचवणाऱ्या पोराला चेन कधी ताणायची, ब्रेक शू किती झिजला की बदलायचा हे माहीत असणे म्हणजे त्याच्या कमाईचे आणि जिवाचे रक्षण आहे.

काही ज्ञान तर मालकाकडेच असावे लागते. ते गॅरेजमध्ये असून उपयोग नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराची बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल कारच्या धुराड्यात काजळी धरणारी गाळणी आली. ही काजळी अधूनमधून जळून जावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. मोशी ते चिखली अशा रोजच्या चार-पाच किलोमीटरच्या, वाहतुकीत अडकत होणाऱ्या फेऱ्यांमध्ये ते घडत नाही. दिवा लागतो, मालक दुर्लक्ष करतो, शेवटी गाडीची ताकद जाते आणि मोठा खर्च येतो. दिवा लागल्यावर महामार्गावर एक लांब फेरी मारा, एवढी माहिती वेळेवर मिळाली तर हे टळते. काही ठिकाणी गाळणीच काढून टाकण्याचा बेकायदा उपाय सुचवला जातो, त्याचे मूळही या अज्ञानात आहे.

कंपनी निघून जाते तेव्हा काय, हा प्रश्न या पट्ट्याने प्रत्यक्ष पाहिला. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ संपताना कंपनीने भारतातली विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. शेव्हरोलेच्या बीट, स्पार्क, टवेरा, क्रूझ लोकांच्या दारात उभ्याच राहिल्या. कंपनीने सुट्या भागांची आणि सेवेची सोय पुढेही चालू ठेवण्याचे सांगितले होते, पण वर्षे जातात तशी अशी केंद्रे विरळ होतात. अशा वेळी गाडी रस्त्यावर ठेवतात ते स्वतंत्र गॅरेजवाले, आणि त्यांना आधार असतो तो एकमेकांना पाठवलेल्या वायरिंगच्या नकाशांचा आणि कुठला पार्ट कशाला चालतो या माहितीचा.

याच ठिकाणी दोन बाजूंची सरळ विभागणी कोलमडते. इंटरनेटवरची दुरुस्तीची माहिती सर्वांत मन लावून पाहतात ते मिस्त्रीच. नवीन मॉडेलचे डॅशबोर्ड उघडताना क्लिप कुठे आहे, कुठला सेन्सर आधी काढायचा, हे पाहण्यासाठी मोबाइल बॉनेटवर उभा करून काम करणारे तरुण कारागीर कुठल्याही गॅरेजमध्ये दिसतात. गिऱ्हाइकाने पाहिलेल्या व्हिडिओवर चिडणारा मिस्त्री संध्याकाळी स्वतः दुसऱ्या मिस्त्रीचा व्हिडिओ पाहतो. काहींनी स्वतःच चॅनल काढले आहेत आणि त्यामुळे गिऱ्हाईक वाढल्याचे ते सांगतात: किती काम आहे हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस मजुरीवरून कमी भांडतो. हे सगळीकडे खरे असेल असे नाही, पण ‘दाखवले की धंदा गेला’ हे गृहीतक तपासून पाहावे इतपत ते वजनदार आहे.

भाषेचा प्रश्नही आहे. चिखलीच्या गॅरेजांत मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली मुले काम करतात, म्हणून हिंदी चालून जाते. कंपन्यांची पुस्तिका मात्र इंग्रजीत. आयटीआयसाठी चेन्नईची राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्था पुस्तके काढते आणि ‘भारत स्किल्स’ या सरकारी संकेतस्थळावर अभ्याससाहित्य फुकट मिळते. ती चांगली पायाभरणी आहे. पण अभ्यासक्रम मूलतत्त्वे शिकवतो. समोर उभ्या असलेल्या विशिष्ट मॉडेलच्या विशिष्ट दोषाबद्दल चांगल्या मराठीत, तपासून लिहिलेला मजकूर फार थोडा आहे. ही पोकळी मला या सगळ्या विषयातली सर्वांत दुर्लक्षित बाब वाटते.

कंपनीच्या ताब्यातले

कार्ब्युरेटरच्या गाडीत दोष कानाने, नाकाने, हाताने सापडे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनचा संगणक दोषाची नोंद कोडच्या रूपात ठेवतो. चारचाकींमध्ये ही निदानव्यवस्था बीएस-४ च्या काळात, साधारण २०१० ते २०१३ दरम्यान सक्तीची झाली. बीएस-६ नंतर बहुतेक दुचाकींतही कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आले. धुराशी संबंधित ठरावीक कोड साधा स्कॅनर वाचतो. पण गिअरबॉक्स, एअरबॅग, एबीएस यांचे खोलातले कोड, नवीन भाग बसवल्यावर तो संगणकाला ‘ओळखायला’ लावणे, किल्ली जुळवणे, यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर आणि परवानगी लागते. गॅरेजवाले चिनी बनावटीचे सर्वसमावेशक स्कॅनर घेतात, त्यांच्या वार्षिक अपडेटचे पैसे भरतात आणि ज्या मॉडेलवर ते चालत नाहीत ती गाडी हात जोडून परत पाठवतात.

कंपन्यांचा युक्तिवाद असा: सुरक्षेची जबाबदारी शेवटी आमच्यावर येते, अर्धवट शिकलेल्या माणसाने एअरबॅगला हात लावला तर जीव जाईल, धुराची मानके मोडण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये फेरफार होईल, गाडी आता इंटरनेटला जोडलेली आहे, तिच्यात शिरण्याची वाट उघडणे धोक्याचे आहे, आणि ही माहिती तयार करायला आम्ही पैसा घातला आहे. यातला प्रत्येक मुद्दा एकेकटा पाहिला तर पटण्याजोगा आहे. त्यांच्या विरोधात असे सांगितले जाते की या कारणांनी जे बंद ठेवायला हवे त्याच्या कितीतरी पट जास्त बंद ठेवले जाते. बोल्ट किती जोराने आवळायचा या आकड्यात गुपित ठेवण्यासारखे काय आहे?

तळवड्याच्या शेडचे उदाहरण इथे लागू पडते. तिथे एखादा बुश बनवणाऱ्या कारागिराला त्याचे माप मायक्रॉनपर्यंत माहीत असते; ड्रॉइंग मात्र कंपनीच्या मालकीचे आणि करारानुसार गुप्त. तोच बुश कुठल्या बाजूने आधी झिजतो, हे दोन किलोमीटरवरच्या गॅरेजवाल्याला माहीत असते. ही दोन्ही प्रकारची माहिती एकत्र आली तर भाग सुधारेल. तशी वाट आज अधिकृत सेवा केंद्राच्या वॉरंटी दाव्यांमधून कंपनीकडे जाते. स्वतंत्र गॅरेजचे निरीक्षण त्या वाटेवर कुठेच नोंदले जात नाही.

स्पर्धा आयोगाचा निर्णय

भारतात या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा आदेश. २०११ मध्ये एका ग्राहकाने तीन कारकंपन्यांविरुद्ध तक्रार केली, चौकशी वाढत गेली आणि अखेर १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड झाला. टाटा मोटर्सचा वाटा सर्वांत मोठा, सुमारे १,३४६ कोटी. या चौदांपैकी टाटा, महिंद्रा, मर्सिडीज-बेंझ, फोक्सवॅगन, जनरल मोटर्स आणि फियाट या सहा जणांचे कारखाने त्या वेळी पुणे जिल्ह्यात होते. म्हणून तो आदेश दिल्लीत निघाला तरी त्याचा विषय या पट्ट्याचा होता.

आयोगाने म्हटले की सुटे भाग, निदानाची साधने आणि दुरुस्तीची पुस्तिका खुल्या बाजारात न देणे हा ग्राहकावर आणि स्वतंत्र गॅरेजवर अन्याय आहे. भाग आणि साधने मिळण्याची सोय करा, स्वतंत्र गॅरेजवाल्यांच्या प्रशिक्षणाची व्यवस्था उभी करा, असे निर्देश दिले. बौद्धिक संपदेचा बचाव कंपन्यांना पुराव्याने टिकवता आला नाही. वॉरंटीबद्दल आयोगाने घेतलेली भूमिका मला विशेष समंजस वाटते: बाहेर काम केले म्हणून सगळी वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल.

डिसेंबर २०१६ मध्ये स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने अपिलात आलेल्या कंपन्यांबाबत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र सुट्या भागांच्या धंद्यापुरता मोजून कमी केला. इतर कंपन्या वेगवेगळ्या न्यायालयांत गेल्या. निष्कर्ष टिकला आणि अंमलबजावणी अपिलांमध्ये अडकली, असे या प्रकरणाचे आजवरचे सार आहे. ‘बाहेर सर्व्हिसिंग केलं तर वॉरंटी गेली’ हे वाक्य काउंटरवर अजून ऐकू येते आणि ते ऐकणाऱ्या बहुतेकांना हा आदेश माहीत नसतो.

पुढचे पाऊल ग्राहक व्यवहार विभागाने उचलले. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली; तिच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर वाहनेही होती. २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ संकेतस्थळ सुरू झाले. त्यावर कंपन्यांनी आपणहून माहिती द्यायची आहे. सक्तीचा कायदा अजून नाही.

बाहेरचे अनुभव

युरोपने २००७ च्या नियमापासूनच स्वतंत्र गॅरेजना दुरुस्तीची माहिती, वाजवी शुल्क आकारून, देणे कंपन्यांवर बंधनकारक केले आणि २०१८ च्या नियमात ते आणखी पक्के केले. किल्ली आणि चोरीविरोधी यंत्रणेची माहिती तिथे तपासणी करून मान्यता दिलेल्या गॅरेजलाच मिळते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मतदानाने असा कायदा केला आणि २०१४ मध्ये कंपन्यांनी तो नमुना देशभर मान्य केला. २०२० मध्ये त्याच राज्याने गाडीतून बिनतारी जाणारी माहितीही कायद्याखाली आणली. त्यावर कोर्टकचेरी वर्षानुवर्षे चालली. ऑस्ट्रेलियाचा कायदा १ जुलै २०२२ पासून लागू आहे.

या अनुभवांतून एक धडा आपल्या वादाला थेट लागतो. कुठेही ‘सगळे सगळ्यांना फुकट’ असे ठरलेले नाही. माहितीचे थर पाडले गेले: काही सर्वांसाठी, काही पैसे भरणाऱ्या व्यावसायिकासाठी, काही ओळख पटलेल्या गॅरेजसाठी. आपल्याकडे चर्चा अजून फुकट की बंद या दोनच टोकांवर आहे. शिवाय तिथल्या व्यवस्थेत गॅरेज नोंदणीकृत असते, त्याचा विमा असतो. पत्र्याच्या शेडमध्ये, भाडेकराराशिवाय चालणाऱ्या गॅरेजला मान्यता द्यायची कुणी आणि कोणत्या कागदावर, हे युरोपच्या नियमातून सापडणार नाही.

बॅटरी आल्यावर

विजेच्या गाड्यांनी जुने बरेच मुद्दे उलटे केले आहेत. ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही. गॅरेजचे नेहमीचे उत्पन्नच कमी. उरते ते सस्पेन्शन, ब्रेक, टायर आणि मग थेट उच्च दाबाची वीज. कारच्या बॅटरीत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, तिथे चुकीला दुसरी संधी नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले, आणि त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरीच्या सुरक्षेची मानके कडक करण्यात आली.

बॅटरी उघडून सेल बदलण्याचे व्हिडिओ आजही सहज मिळतात. या एका बाबतीत मी धंद्याच्या बाजूचा सावधपणा जास्त योग्य मानतो. पण त्याच कारणासाठी एक माहिती सर्वांना, कुठलेही शुल्क न घेता मिळायला हवी: गाडीचा उच्च दाबाचा प्रवाह तोडायचा कसा, अपघातात कुठल्या वायरीला हात लावायचा नाही, पाण्यात बुडालेल्या गाडीचे काय करायचे. पावसाळ्यात इंद्रायणीचे पाणी ज्या वस्त्यांत शिरते, तिथे हा प्रश्न काल्पनिक नाही. आयटीआयमध्ये विजेच्या वाहनांचा स्वतंत्र ट्रेड आला आहे, ही जमेची बाजू. आधीपासून काम करणाऱ्या, चाळिशीतल्या मिस्त्रीने दोन वर्षे धंदा बंद ठेवून तिथे जायचे कसे, हे कुणी सांगत नाही.

न सुटलेले

चुकीच्या माहितीची जबाबदारी कुणाची, हे पहिले. गॅरेजवाल्याने ब्रेक चुकीचा बसवला तर गिऱ्हाईक त्याच्या दारात जाऊन उभे राहते, ग्राहक आयोगाकडेही जाऊ शकते. व्हिडिओ पाहून घरी केलेल्या कामाला असे दार नाही. माहितीला पडताळणीचा काही शिक्का असावा का आणि तो कुणी मारावा, यावर गंभीर प्रस्तावही अजून पुढे आलेला नाही. एआरएआय, भोसरीची संस्था आणि आयटीआय ही तिन्ही इथेच असताना निदान दुचाकींपुरते, मराठीत तपासलेले साहित्य तयार होणे अशक्य नाही.

दुसरे, माहिती देणाऱ्याच्या मोबदल्याचे. तीस वर्षांत कमावलेले निदान सांगणाऱ्या मिस्त्रीला व्हिडिओमागे मिळणारे पैसे त्याच्या ज्ञानावर अवलंबून नसून पाहणाऱ्यांच्या संख्येवर असतात. सायलेन्सरचा आवाज वाढवण्याच्या व्हिडिओला जेवढे लोक येतात तेवढे बेअरिंगच्या आवाजावरून दोष ओळखण्याच्या व्हिडिओला येत नाहीत. त्यामुळे मोकळे ज्ञान वाढते आहे, पण उपयोगी ज्ञान त्या प्रमाणात वाढत नाही.

तिसरे, न लिहिलेल्या ज्ञानाचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कुदळवाडी-चिखली परिसरातली हजारो अनधिकृत बांधकामे, भंगाराची गोदामे आणि लहान वर्कशॉप पाडली. नदीचे प्रदूषण आणि आगीच्या घटना ही कारणे खरी होती. रोजगार गेल्याची तक्रारही खरी होती. त्या चर्चेत एक गोष्ट आली नाही. कुठला धातू कशात वापरता येतो, कुठले मोटर-वाइंडिंग पुन्हा गुंडाळता येते, कुठला जुना भाग दुसऱ्या कुठल्या यंत्राला बसतो, हे जाणणारी माणसे पांगली. त्यांनी कधी व्हिडिओ केला नव्हता आणि त्यांना कुणी शाळेत शिकवायलाही बोलावले नव्हते. मोकळे विरुद्ध बंद या वादात असे ज्ञान कुणाच्याच बाजूने मोजले जात नाही.

चौथे, सरकारी धोरणातल्या वाहनांच्या जागेचे. २०२४ मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाच्या कामाला सुरुवात झाली तेव्हा त्यात मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आल्या, गाड्या नाहीत. २०२२ च्या समितीने वाहने यादीत धरली होती, हे लक्षात घेता हा मागे सरकलेला पाय वाटतो.

आणि काळ थांबलेला नाही. टाटाची नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली ती बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरच्या वॉरंटीसह. पहिल्या ग्राहकांची आठ वर्षांची मुदत २०२८ पासून संपू लागेल. त्यानंतर त्या गाड्या कंपनीच्या केंद्रातून स्वस्त हातांच्या शोधात बाहेर पडतील, जशा आजवर सगळ्या गाड्या पडल्या, आणि त्यांतल्या काही चिखलीच्या गॅरेजांपुढे येऊन उभ्या राहतील. त्या दिवशी मिस्त्रीला तीन गोष्टी लागतील: बॅटरी-नियंत्रकातली नोंद वाचण्याची परवानगी, प्रवाह तोडण्याची लेखी पद्धत आणि खात्रीचे सुटे मॉड्यूल. यांपैकी एकही त्याला हक्काने मिळेल असा नियम आज नाही.